तांबडा तांबडाच दिसावा म्हणून

"हे काय गं, टोमॅटोचं सार हाय व्हय?"

खानावळीच्या काकींनी लॅपटॉपवर स्वतःच्या तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ बघितला आणि मला हा प्रश्न विचारला. चाळीस सेकंदांची जाहिरात होती. वाटीवरचा कट चमकत होता, वाफ येत होती, मागं पितळी भांडी होती. सगळं जागेवर होतं, फक्त रस्सा केशरी दिसत होता. मी घरी येऊन सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगांच्या गडदपणाचा, स्लायडर वाढवला. रस्सा आणखी केशरी झाला, वर वाढप्याचा चेहराही केशरी झाला. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की रंग कॅमेऱ्यातच गेला असेल तर तो कॉम्प्युटरवर परत येत नाही.

माझ्याकडं तेव्हा एक जुना वापरलेला कॅमेरा, त्याच्यासोबतची साधी लेन्स आणि एक स्वस्त एलईडी पॅनेल एवढंच भांडवल होतं. आजही त्यात फार भर पडलेली नाही. पण रंग आता मनासारखे येतात. ते कसे, हे लिहिते आहे. लग्नं, तालमीच्या मुलाखती, चपलांच्या दुकानांची रील्स असली कामं कमी पैशांत करणाऱ्यांना उपयोग होईल.

तांबडा कुठं हरवतो

रश्श्याचं नेमकं काय झालं होतं ते आधी सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे.

कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लिहितो. आठ बिटच्या कॅमेऱ्यात प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या आत. रश्श्याची वाटी काळ्या टेबलावर होती, म्हणून कॅमेऱ्यानं आपोआप उजेड वाढवला. तांबड्याचा आकडा २५५ ला जाऊन भिंतीला टेकला. हिरव्याला मात्र वर जायला जागा होती, तो चढत राहिला. तांबडा जागच्या जागी आणि हिरवा वर, याचा अर्थ केशरी. अजून उजेड वाढवला असता तर पिवळा झाला असता.

आणि हे शूटिंगच्या वेळी कळत का नाही? कारण कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) किंवा झेब्रा (फार उजळ भागावर दिसणारे पट्टे) बहुतेक वेळा एकूण उजेड मोजतो. त्या उजेडाच्या हिशोबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा फक्त ७. म्हणजे नुसता शुद्ध तांबडा पूर्ण भरून वाहत असला तरी उजेडाचा काटा २१ टक्क्यांवरच दिसतो. तुम्हाला वाटतं, अजून भरपूर जागा आहे. तोवर तांबडा संपलेला असतो.

आपल्याकडं हा प्रश्न पावलोपावली येतो. तालमीतली माती तांबडी, नऊवारीचा काठ तांबडा, जोतिबाच्या चैत्र यात्रेत तर अख्खा डोंगर गुलाबी. त्यामुळं कोल्हापुरात व्हिडिओ करणाऱ्यानं पहिली सवय ही लावावी: कॅमेऱ्यात किंवा अ‍ॅपमध्ये तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम असेल तर तो लावायचा आणि तांबड्याची रेघ उजव्या भिंतीला टेकू द्यायची नाही. तशी सोय नसेल तर एक छोटा तुकडा शूट करून तो मोठा करून बघायचा. साडीच्या चुण्या तांबड्यातही दिसतात का? गुलालात कण दिसतात का, की नुसता सपाट डाग आहे? सपाट असेल तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यानं घेतलेला उजेड, उणे ०.७ करा आणि परत बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

सगळंच काळोखात शूट करा असं मात्र मी म्हणत नाही. स्वस्त सेन्सरमध्ये अंधाऱ्या भागात रंगीत ठिपक्यांच्या मुंग्या (नॉइज) येतात आणि त्या मुंग्या रंग खातात. तांबडा वाचवण्यासाठी थोडं खाली यायचं, बाकी वेळी चेहरा नीट उजेडात ठेवायचा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, शक्य तितका खाली.

दिवे: जुना हॅलोजन फेकू नका

रश्श्याच्या केशरीपणाला दुसरं कारण होतं माझं एलईडी पॅनेल. दिव्याच्या खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, शंभरपैकी आकडा असतो. तो ८० असला की आपल्याला बरा वाटतो. पण हा आकडा फक्त पहिल्या आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद तांबड्याचा नमुना, ज्याला आर९ म्हणतात, तो त्या सरासरीत धरलेलाच नसतो. स्वस्त एलईडीत नेमका तोच मार खातो. दिव्यात जो तांबडा नाहीच, तो रश्श्यावरून परत येणार कुठून? अशा दिव्याखाली मिरचीचा तांबडा विटकरी दिसतो, ओठ फिके पडतात आणि सावळा माणूस आजारी वाटतो.

नवा दिवा घेताना सीआरआय ९५ च्या वर आणि आर९ चा आकडा वेगळा छापलेला, तोही ९० च्या आसपास, असा बघून घ्या. तेवढे पैसे नसतील तर लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडं पडून असलेला जुना हॅलोजन मागून आणा. हॅलोजनचा सीआरआय जवळजवळ १०० असतो, तांबडा त्यात भरभरून असतो. तो तापतो, वीज खातो, रंगानं पिवळट असतो, पण व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग कॅमेऱ्याला सांगणारा आकडा, ३२०० केल्यावर पिवळेपणा जातो आणि तांबडा राहतो. समोर बटर पेपर लावायचा तर दिव्यापासून चांगला हातभर लांब, स्वतंत्र स्टँडवर लावा. जवळ लावला की करपतो. त्याहून सोपं म्हणजे हॅलोजन पांढऱ्या थर्माकोलवर मारायचा आणि परत येणारा मऊ उजेड वापरायचा.

काकींच्या खानावळीत मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा पॅनेल नेलंच नाही. दुपारी साडेतीनला, गर्दी ओसरल्यावर, दारातला उजेड एका बाजूनं घेतला, दुसऱ्या बाजूला थर्माकोल धरला आणि आतल्या सगळ्या ट्यूब बंद केल्या. ट्यूब बंद करणं हे या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं. दारातून येणारा दिवसाचा उजेड, वर निळसर ट्यूब आणि कोपऱ्यात देवापुढचा पिवळा बल्ब असे तीन जातींचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडले तर जगातला कुठलाही सॉफ्टवेअर तो चेहरा सरळ करू शकत नाही. एक जात निवडा, बाकीची बटणं खाली.

ट्यूब ठेवावीच लागली तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, फ्रेम सेकंदाला २५. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. त्याच्याशी शटर जुळलं नाही की पडद्यावर पट्टे सरकतात आणि दर फ्रेमला रंग बदलतो.

व्हाइट बॅलन्स हातानं

एका तालमीत पहाटे शूटिंग होतं. हौद्यात नुकतीच माती उकरलेली. हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मिसळलेली, ओलसर, जवळ गेलं की वास येणारी. डोळ्यांना ती गडद तांबडी दिसत होती. कॅमेऱ्यात राखाडी. वस्तादांनी मागून वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाई, ही आमची माती न्हवं. ही नदीची वाळू झाली."

व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. अख्खी चौकट तांबडी दिसली की कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच तांबडा आहे, आणि तो निळा मिसळून तो मारायला बघतो. माती जितकी सुंदर, तितका तो जास्त मारतो. वर पैलवान मातीतून पांढऱ्या भिंतीकडं सरकला की परत बदलतो. एकाच शॉटमध्ये माती दोन रंगांची.

उपाय सोपा आहे. शूटिंग होईल त्या जागी, त्याच उजेडात ग्रे कार्ड (कुठल्याही रंगाची झाक नसलेलं राखाडी कार्ड) धरा, त्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि लॉक करा. उजेड बदलला की परत घ्या. पांढरा कागद धरायची सवय अनेकांना असते, पण झकपक पांढऱ्या कागदात उजळवणारं रसायन असतं, ते दिवसाच्या उजेडात निळसर चमकतं. नीळ दिलेल्या टोपीचंही तेच. त्या निळ्यावर बॅलन्स घेतला की सगळा व्हिडिओ पिवळट येतो. कार्ड नसेल तर निदान आकडा हातानं ठेवा: उन्हात ५६००, सावलीत किंवा पावसाळी ढगात ६५०० ते ७०००, हॅलोजनमध्ये ३२००. सकाळच्या कोवळ्या उन्हाचा सोनेरीपणा हवा असेल तर ५६०० वरच राहू द्या. कार्डावर बॅलन्स घेतलात तर कॅमेरा तो सोनेरीपणा प्रामाणिकपणे पुसून टाकेल.

फोनवर शूट करणाऱ्यांनी फोनचं मूळ कॅमेरा अ‍ॅप सोडून द्यावं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकटचं अ‍ॅप आयफोनवर आणि काही अँड्रॉइड फोनवर चालतं. त्यात व्हाइट बॅलन्स, शटर, आयएसओ सगळं लॉक होतं. चेहरा उजळवणारं ब्युटी फिल्टर असेल ते तर आधी बंद करा. त्याबद्दल पुढं बोलतेच.

कॅमेऱ्याच्या आत

पिक्चर प्रोफाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगांची तयार मांडणी, स्टँडर्ड किंवा न्यूट्रल. शार्पनेस अगदी खाली, कॉन्ट्रास्ट एक-दोन घरं खाली, सॅच्युरेशन एक घर खाली. रंग हवेत म्हणून व्हिव्हिड लावायचा मोह होतो, पण व्हिव्हिड म्हणजे कॅमेऱ्यानं आपल्या वतीनं तांबडा भिंतीवर नेऊन आदळणं. लॉग प्रोफाइल, म्हणजे नंतर रंगकाम करायला मुद्दाम फिकं-सपाट चित्र देणारं, तेसुद्धा आठ बिटच्या कॅमेऱ्यात मी लावत नाही. लॉगमध्ये सगळं चित्र त्या २५६ पायऱ्यांच्या मधल्या थोड्याशाच पायऱ्यांत बसवलेलं असतं. नंतर ताणलं की पन्हाळ्यावरच्या आभाळात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे पडतात. दहा बिटचा कॅमेरा असेल, म्हणजे १०२४ पायऱ्या, तर खुशाल लॉग लावा.

एक युक्ती मात्र फुकटची आणि खात्रीची आहे. स्वस्त कॅमेरे ४:२:० पद्धतीनं रेकॉर्ड करतात. दोन बाय दोनच्या चौकोनात उजेडाची नोंद चार वेळा होते, रंगाची एकदाच. म्हणजे १९२० बाय १०८० च्या चित्रात रंग खरं तर ९६० बाय ५४० चाच असतो. म्हणून साडीचा तांबडा काठ हिरव्या अंगाला भिडतो तिथं रंग सांडल्यासारखा दिसतो. पण तुम्ही ४के मध्ये शूट केलं आणि १०८० च्या टाइमलाइनवर लहान केलं, तर प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळतो. काठ एकदम स्वच्छ होतात, शिवाय मुंग्याही कमी होतात. कार्डवर जागा जास्त लागते, बाकी काही नाही.

पाणी मारा

आमचे आण्णा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तांबडं अक्षर काढायचं असलं की शेजारी राखाडी किंवा मळका निळा द्यायचे. "तांबडा उठवायचा असला तर शेजारच्याला गप बसवायचं," असं म्हणायचे. मी फ्रेम लावताना अजून हेच करते. नवरीची साडी तांबडी असेल तर मागची तांबडी-पिवळी कनात काढून टाकायची किंवा तिला दगडी भिंतीपुढं उभं करायचं. एकही रुपया लागत नाही, आणि साडी जितकी भरते तितकी कुठल्याही एलयूटीनं, म्हणजे रंगांच्या तयार साच्यानं, भरत नाही.

हे गाव रंगाच्या मागं फार आधीपासून आहे. बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा बनवून १९२० साली मूकपट पडद्यावर आणला, आणि ते मुळात पडदे रंगवणारे चित्रकार होते. त्या जमान्यातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा दिसतच नसे. त्यावर कपाळाचं कुंकू काळं उमटायचं. पुढं १९२९ ला कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं १९३३ मध्ये रंगीत चित्रपटासाठी जर्मनीपर्यंत धडक मारली आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. आपल्या खिशातल्या फोनला ते कुंकू तांबडं दिसतं, ही किती मोठी गोष्ट आहे!

आता पाण्याबद्दल. कोरडी माती, कोरडा दगड, धुळीनं माखलेलं पान फिकं दिसतं, कारण खरबरीत पृष्ठभागावरून पांढरा उजेड सगळीकडं विखुरतो आणि मूळ रंगावर पांढरी साय धरतो. पाणी मारलं की ती साय जाते. पहिला पाऊस पडून गेल्यावर गाव अचानक रंगीत दिसतं ते यामुळंच. म्हणून शूटिंगच्या आधी अंगणात दोन बादल्या पाणी शिंपडा, झाडावर पंप मारा, वाड्याची दगडी पायरी ओली करा. चपलेच्या शॉटआधी चामड्यावर तेलाचा हलका बोळा फिरवा.

ओलं झालं की चमक येते. ती काढायला सर्क्युलर पोलरायझर हे फिल्टर घ्या. मी घेतलेल्या वस्तूंमध्ये पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले ते यात. लेन्सवर लावून गोल फिरवायचं, पानांवरची, पाण्यावरची, तेलकट चामड्यावरची चमक विरघळताना डोळ्यांनी दिसते. रंकाळ्यावर काठावरून शूट करताना सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला असेल तर आभाळही गडद होतं. सूर्य समोर किंवा पाठीमागं असताना आभाळावर फारसा परिणाम होत नाही. दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हे लक्षात ठेवा. रश्श्यावर मात्र जपून फिरवा, कटाची सगळी चमक गेली तर रस्सा मेल्यासारखा दिसतो. थोडी राहू द्यायची.

गुऱ्हाळात हे फिल्टर वाफेचं काही करू शकत नाही. काहिलीवरची वाफ उजेड पसरवून सगळे रंग फिके करते. तिथं एकच करा: सूर्य वाफेच्या मागं येईल अशा जागी उभे राहा आणि मागची बाजू अंधारी ठेवा. वाफ सोनेरी होते आणि चुलवाणातला जाळ तांबडा उरतो.

वेळेबद्दल वेगळं काय सांगू? अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीचं ऊन गाभाऱ्यापर्यंत पोचतं, ते बघायला आपण जीव मुठीत धरून उभे राहतो. तेच तिरपं ऊन रोज संध्याकाळी सगळ्या गावावर पडतं. बाराच्या उन्हात मुलाखत घेऊ नका.

कॉम्प्युटरवर

मी दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग आणि रंगकामाच्या सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती वापरते. त्यात रंगकामाच्या प्रत्येक टप्प्याला नोड म्हणतात. तालमीतला एक शॉट कसा केला ते सांगते.

पहिल्या नोडवर फक्त तोल. परेड स्कोप हा आलेख उघडायचा, त्यात तिन्ही रंग शेजारी शेजारी दिसतात. काळा जिथं काळाच असायला हवा, उदाहरणार्थ दाराच्या फटीतला अंधार, तिथं तिघांचे तळ एका रेषेत आणायचे. पांढऱ्या लंगोटीपाशी तिघांची डोकी एका रेषेत. मातीकडं बघून तोल करायचा नाही.

दुसऱ्या नोडवर कॉन्ट्रास्ट. कर्व्हला, म्हणजे उजेड-अंधाराच्या रेघेला, हलका एसचा आकार. कॉन्ट्रास्ट वाढला की रंगही आपोआप भरतात, म्हणून सॅच्युरेशनला आधी हात लावायचा नसतो. निम्म्या वेळा मी इथंच थांबते.

तिसरा नोड म्हणजे या लेखातली मला सगळ्यात आवडती गोष्ट. नोडवर राइट क्लिक करून कलर स्पेस एचएसव्ही (१ रंगछटा, २ सॅच्युरेशन, ३ उजेड) करायचा, मग त्याच मेन्यूत चॅनलमध्ये १ आणि ३ बंद करून फक्त २ चालू ठेवायचा. आता गेनचं चाक १.०० वरून १.१५ ते १.२५ पर्यंत हळूहळू. नेहमीचं सॅच्युरेशन तांबडा वाढवताना तांबड्याचा आकडा वर ढकलतं, तो भिंतीला टेकतो आणि रंग निऑनसारखा होतो. या पद्धतीत सगळ्यात मोठा आकडा जागेवर राहतो आणि उरलेले दोन खाली जातात. रंग उजळत नाही, खोल होतो. तालमीची माती या एका नोडनं ओली वाटायला लागली. वस्तादांना दाखवली तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसतं पडद्यावर बोट ठेवून पोराला म्हणाले, "बघ."

चौथ्यावर किरकोळ डागडुजी. ल्युम व्हर्सेस सॅट (उजेडाप्रमाणं सॅच्युरेशन बदलणारा कर्व्ह) यात अगदी काळ्या भागाचा रंग कमी करायचा, रंगीत मुंग्या दबतात. ह्यू व्हर्सेस ह्यू (एक रंगछटा दुसरीकडं सरकवणारा कर्व्ह) यात उसाचा झगझगीत पोपटी थोडा पिवळ्याकडं न्यायचा. आभाळात पट्टे असतील तर शेवटी बारीक ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा रवा, टाकायचं.

आणि चेहरा. वेक्टरस्कोपमध्ये (रंग कुठल्या दिशेचा आणि किती गडद ते दाखवणारा गोल आलेख) स्किन टोनची, म्हणजे त्वचेच्या रंगाची, रेषा चालू करा, ती तांबडा आणि पिवळा यांच्या मधून जाते. गोरा असो, सावळा असो, काळा असो, त्वचेचा रंग त्या रेषेच्या जवळच पडतो, फरक असतो तो उजेडाचा आणि गडदपणाचा. रेषेवर आणा आणि थांबा. पैलवानाला उजळ करू नका. नवरीला दोन शेड गोरी करून द्या म्हणणारे अनेक भेटतात, मी करत नाही. उन्हात मेहनत घेतलेल्या सावळ्या खांद्यावर घामाची जी तांबूस झाक असते, तिच्यापुढं एवढं सगळं शिकलेलं वसूल होतं. ती पुसायची असेल तर रंगावर काम करण्यात अर्थ नाही.

व्हिडिओ देताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि सगळ्यात आधी तांबड्याचे काठ जातात. यूट्यूबसाठी १०८० चा व्हिडिओ निदान ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट). स्वतःच्या फोनच्या डिस्प्लेचा व्हिव्हिड मोड बंद करून तपासा, आणि घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवरही एकदा बघा, बघणाऱ्यांच्या हातात तोच असतो.

काकींचा दुसरा व्हिडिओ मी त्यांच्याच फोनवर दाखवला, काचेला तडा गेलेल्या. रश्श्याची वाटी आली तशी त्यांनी फोन जवळ घेतला, थोडा लांब धरला, परत जवळ घेतला. "आता कांदा-लसूण मसाला दिसतोय," म्हणाल्या, आणि आत हाक मारली, "अहो, इकडं या जरा."